पुठ्ठ्याची सराई: भिंतींना बाक येऊ न देता

टेबलटॉप खेळांसाठी कागदी इमारती करू पाहणाऱ्याला सगळीकडे एकच सल्ला मिळतो: इमारतीच्या तयार नमुन्याची प्रिंट काढा, पांढऱ्या गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा. या सल्ल्याने केलेली भिंत रात्री सरळ असते आणि सकाळी पन्हळीसारखी वळलेली सापडते. दोष कापणाऱ्या हाताचा नसतो, तो गोंदातल्या पाण्याचा असतो. म्हणून इथे बाकीचे टप्पे थोडक्यात दिले आहेत आणि चिकटवण्याचा सविस्तर.

उदाहरणासाठी दोन मजली सराई घेऊ. आकृत्या, म्हणजे खेळातल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती, 28 मिमीच्या, जमीन 6 × 4 चौकोनांची. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलटॉप खेळात एक इंची चौकोन म्हणजे पाच फूट, तेव्हा जमीन 152.4 × 101.6 मिमी होते. मजल्याची उंची 50 मिमी पुरे. दार 40 मिमी उंच आणि किमान 28 मिमी रुंद हवं, नाहीतर 25 मिमीच्या बेसवरची (पायाखालच्या चकतीवरची) आकृती त्यातून जाणारच नाही.

छपाई

प्रिंटरच्या खिडकीत ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ किंवा 100% निवडा. अशा नमुन्यांच्या बऱ्याच पीडीएफ अमेरिकन लेटर आकाराच्या असतात. ‘फिट टू पेज’ ठेवलं की ए4 वर त्या लहान होतात आणि 254 मिमी यायला हवेत ते दहा चौकोन 247 किंवा त्याहून कमी भरतात. पहिलं पान निघाल्यावर पट्टी लावून मोजा, मगच पुढची पानं काढा. भिंतींसाठी 100 जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागद आणि छपरासाठी 200 जीएसएम कार्ड घ्या. पुठ्ठा 2 मिमीचा ग्रे बोर्ड, बाइंडिंगवाल्यांकडे मिळतो तो.

चिकटवणं

कागद ओला झाला की फुगतो आणि वाळला की आकसतो. ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या, दिशेने तो फारसा हलत नाही, आडव्या दिशेने मात्र चांगलाच हलतो. फुगलेला कागद पुठ्ठ्याला पकडून बसतो आणि वाळताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. छापील बाजू खोलगट होते ती यामुळे. जाड पुठ्ठा घेतल्याने बाक थोडा कमी होतो, जात नाही.

उपाय बुकबाइंडर पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत: मागच्या बाजूलाही कागद लावायचा. जाड बांधणीच्या वहीचं कव्हर उघडून बघा, आतून अस्तर असतंच, आणि ते नुसत्या शोभेसाठी नसतं. आपल्या भिंतीला आतल्या खोलीची छापील बाजू हेच अस्तर. ती नको असेल तर कोरा कागद लावा, पण जीएसएम तोच, ग्रेन त्याच दिशेने आणि गोंदही तोच. पुढे 160 आणि मागे 80 जीएसएम लावलं तर भिंत वाकणारच. ग्रेन ओळखायला कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज गुंडाळला जातो, त्या गुंडाळीच्या लांबीला समांतर ग्रेन असतो. पुठ्ठ्याचीही हीच परीक्षा घ्या आणि दोघांचे ग्रेन जुळवा.

इंकजेटची प्रिंट रात्रभर वाळू द्या. मग अ‍ॅक्रिलिक मॅट क्लिअर स्प्रेचे दोन पातळ हात, 25-30 सेंमीवरून, मध्ये पंधरा मिनिटं थांबून, गॅलरीत किंवा मोकळ्यावर. इंकजेटची डाय शाई पाण्याने पसरते आणि ओल्या बोटाचा एक डाग अख्खी भिंत वाया घालवतो. स्प्रे फक्त छापील बाजूवर मारा, मागे लागला तर गोंद धरत नाही. भर पावसात मारूच नका, थरावर पांढुरकी झाक येते.

पुठ्ठा प्रिंटपेक्षा चारी बाजूंनी सेंटिमीटरभर मोठा कापा. गोंद पुठ्ठ्यावर लावा, कागदावर नाही. आणि गोंदात पाणी घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. पसरायला सोपा व्हावा म्हणून घातलेलं पाणी नंतर भिंत वाकवतं. जुन्या प्लॅस्टिक कार्डाने इतका पातळ ओढा की खालचा करडा रंग दिसत राहील. कागद एका कडेने टेकवत न्या, कोरड्या फडक्याने मधून बाहेर दाबा, ताणू नका. फुगा राहिलाच तर सुईने टोचून हवा काढा. पाच मिनिटांच्या आत पुठ्ठा उलटून दुसरी बाजू लावा. पहिली वाळल्यावर दुसरी लावणं म्हणजे आधी बाक येऊ देणं.

मग दोन्हीकडे बटर पेपर, वर सपाट फळी आणि पाच-सहा किलो पुस्तकं. तासाभराने बटर पेपर बदला, त्यात ओल अडकते. एरवी बारा तास, पावसाळ्यात पूर्ण दिवस. मध्ये उचलून पाहायचा मोह आवरा.

आधीच वाकलेली भिंत असेल तर तिच्या फुगीर बाजूला त्याच जाडीचा कागद लावून दाबात ठेवा, बहुतेक वेळा ती सरळ येते. इस्त्री फिरवू नका, लेसर प्रिंटचा टोनर वितळून इस्त्रीला चिकटतो. स्प्रे गोंदात पाणी नसल्याने बाक येत नाही, पण कागद एकदा टेकला की सरकवता येत नाही, म्हणून सुरुवातीला तो टाळाच. ग्लू स्टिक कोपऱ्याच्या पट्ट्यांपुरती ठीक, पूर्ण भिंतीला नको.

कापणी आणि जोडणी

खिडक्या-दारं आधी, बाहेरची रेघ शेवटी. स्टीलची पट्टी, नवं ब्लेड, एका रेघेवर पाच-सहा हलके हात. जोर लावला की ब्लेड तिरकं जातं आणि मागची बाजू फाटते.

आता जाडी मोजा. 2 मिमी पुठ्ठा आणि दोन कागद मिळून सुमारे 2.25 मिमी होतात. छापलेल्या नमुन्यांचं किट मात्र बहुधा नुसत्या कार्डाच्या जाडीवर बेतलेलं असतं. जमीन पूर्ण ठेवा, चौकोन अर्धवट कापलेली सराई खेळताना त्रास देते. आखूड भिंती 101.6 मिमीच्याच, त्या लांब भिंतींच्या मध्ये बसतील. लांब भिंती दोन्ही टोकांना 2.25 ने वाढवा, म्हणजे 157 मिमी. ती कोरी टोकं आणि सांधा झाकायला दगडी किंवा लाकडी खांबाची 12 मिमी रुंद छापील पट्टी मधोमध दुमडून कोपऱ्यावर लावा. जोडण्याआधी खिडक्या-दारांच्या आणि वरच्या करड्या कडांवर जवळजवळ कोरडा झालेला तपकिरी मार्कर फिरवा. ओला रंग कागदाच्या आत झिरपतो.

छपराच्या घड्या संपलेल्या बॉलपेनने दाबून मगच मोडा. लेसर प्रिंट घडीवर तडकते, तिथे रंगीत पेन्सिल लावा. छपराच्या आतून 6 मिमी उंच पट्ट्यांची चौकट चिकटवा आणि भिंतीपासून चारी बाजूंनी 1 मिमी जागा सोडा, म्हणजे खेळताना ते एका हाताने उचलता येतं. वरच्या मजल्याच्या जमिनीखालीही तशीच चौकट. घट्ट बसलेला मजला ओढताना खालच्या आकृत्या पडतात. सराई फारच हलकी वाटली तर तळाच्या चार कोपऱ्यांत लोखंडी वॉशर चिकटवा.