इंग्रजीतले ‘जवळ’ नेमके कसे ओळखावे

जवळपणा सांगणारा इंग्रजी वाक्प्रचार समोर आला की त्यातील शब्दांचे भाषांतर करण्याआधी कोण कशाच्या जवळ आहे, हे पाहावे. स्थळ, काळ, संकट की माणूस, हे एकदा ठरले की योग्य मराठी शब्द सहसा आपोआप सुचतो.

जुन्या गोव्यात बॉम जेझुसच्या बासिलिकेतून बाहेर पडल्यावर रस्त्यापलीकडेच से कॅथेड्रल आहे. एवढ्या अंतराला इंग्रजीत ‘अ स्टोन्स थ्रो’ म्हणतात, म्हणजे फेकलेला दगड पोहोचेल इतके. मराठीत हेच अंतर आवाजाने मोजले जाते, म्हणून ‘हाकेच्या अंतरावर’ हा त्याचा खरा पर्याय. मात्र ‘विदिन इअरशॉट’ दिसले की हाकेचे अंतर लिहू नये, कारण तिथे मुद्दा जागेचा नसून कानावर पडण्याचा असतो. ‘बोलणे ऐकू जाईल इतक्या अंतरावर’ असेच लिहावे. वाक्य स्वतः रचताना ‘स्टोन्स थ्रो’नंतर ‘फ्रॉम’ घ्यावे. आधी ‘विदिन’ आले असेल तर नंतर ‘ऑफ’ येते.

‘अ‍ॅज द क्रो फ्लाइज’ने विशेष फसगत होते. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी बेट समोर दिसते, पण मांडवी ओलांडायला फेरीबोटीची वाट पाहावी लागते. कावळ्याला तशी वाट पाहावी लागत नाही. हा वाक्प्रचार फक्त सरळ रेषेतले अंतर सांगतो. ते ठिकाण जवळ आहे की दूर, याची हमी देत नाही. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये एकमेकांना खेटून उभी असलेली घरे ‘चीक बाय जाउल’ असतात. जाउल म्हणजे जबडा किंवा गाल. गालाला गाल लागावा इतकी ही दाटी.

संकटाच्या बाबतीत ‘अ क्लोज शेव्ह’ म्हणजे थोडक्यात बचावणे. वस्तरा कातडीला चाटून जातो, तसे. ‘अ नीअर मिस’ मात्र पुष्कळ विद्यार्थी उलटे वाचतात. टक्कर होता होता टळली, असा त्याचा अर्थ आहे.

माणसांविषयीचा ‘अ‍ॅट आर्म्स लेंग्थ’ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात जवळीक टाळण्याचा भाव आहे. हात पोहोचेल इतके अंतर ऐकायला जवळचे वाटते, तरी ‘कीप’ या क्रियापदासह त्याचा अर्थ ‘चार हात दूर ठेवणे’ असा होतो. आयकर कायद्यातही ‘आर्म्स लेंग्थ प्राइस’ ही संज्ञा आहे: परस्परांशी संबंध नसलेल्या पक्षांमध्ये जी किंमत ठरली असती, ती.

‘अराउंड द कॉर्नर’चा अर्थ कर्त्यावरून ठरवावा. दुकान असेल तर ते वळणावरच आहे. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी असेल तर ती तोंडावर आली आहे.