वाहनतळ आणि ड्राइव्हवे: फरसबंदी करताना आणि नंतर या चुका टाळा

वाहनतळ उखडू लागला की मालकाची नजर आधी वरच्या काळ्या थराकडे जाते आणि सगळा दोष डांबराच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात साध्या ड्राइव्हवेवरचा डांबराचा थर जेमतेम 50 ते 75 मिलिमीटर जाडीचा असतो. गाडीचा भार तो एकटा पेलत नाही, तर खालच्या खडीच्या थरावर आणि त्याखालच्या जमिनीवर पसरवून देतो. जिथे पायाची दबाई नीट झालेली नसते किंवा पायात पाणी मुरते, तिथे वर कितीही चांगले डांबर अंथरले तरी ते फुटते. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांनाही हेच लागू आहे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांच्या मुळाशी पाया आणि पाणी यांकडे झालेले दुर्लक्षच आहे, आणि त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा दुरुस्ती करावी लागते तीही त्यामुळेच.

भेग न वाचता दुरुस्ती सुरू करणे

भेगेचा आकार तिचे कारण सांगतो, म्हणून कंत्राटदाराला बोलावण्याआधी मालकाने स्वतः एकदा सगळी जागा सावकाश चालून पाहावी. एकटी, सरळ, आडवी किंवा उभी गेलेली भेग बहुधा तापमानातील चढउतारामुळे, डांबर जुने होऊन कडक झाल्यामुळे किंवा दोन पट्ट्यांमधला सांधा उघडल्यामुळे पडते. अशी भेग वेळीच भरली तर खालचा पाया वाचतो. मात्र मगरीच्या पाठीवरील खवल्यांप्रमाणे लहान लहान तुकड्यांची जाळी दिसू लागली, विशेषतः चाकांच्या वाटेवर, तर पाया खचला आहे किंवा थर भाराच्या मानाने पातळ पडला आहे, असे समजावे. तिथे वरून भेगा भरण्याला काही अर्थ उरत नाही. तेवढा भाग खोदून काढून पायापासूनच नव्याने बांधावा लागतो. कडेपासून वीतभर अंतरावर, कडेला समांतर गेलेली भेग असेल तर त्या कडेला बाहेरून मातीचा किंवा कर्बचा (कडेच्या उभ्या काँक्रीट पट्टीचा) आधार नाही, किंवा गाड्या कडेवरूनच चढतात असा अर्थ निघतो.

जाळीदार भेगा पडलेल्या भागावर नवा पातळ थर अंथरून घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, असे मला वाटते. काही महिने जागा नवी कोरी दिसते. नंतर खालच्या भेगा त्याच रेषांवर नव्या थरातून वर येतात आणि मालकाच्या पदरी दोन थर खणून काढण्याचा खर्च येतो.

दबाईत घाई करणे

पायाच्या कामात जमिनीचा प्रकार आधी पाहावा. पाणी मिळाले की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी काळी चिकण माती असेल, तर तिच्यावर थेट खडी अंथरू नये. ठराविक खोलीपर्यंत ती काढून मुरूम भरणे किंवा चुना मिसळून ती स्थिर करणे हे पर्याय आहेत. चिकण मातीवर खडी टाकायचीच असेल तर मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कृत्रिम धाग्यांचे कापड अंथरावे, नाहीतर ओल्या दिवसांत माती खडीत वर चढते आणि खडी मातीत रुतते. सुपीक मातीचा वरचा थर, मुळे आणि पालापाचोळा पूर्ण काढलाच पाहिजे. तो आत राहिला की कुजून पोकळी होते.

हलक्या गाड्यांसाठी दबलेल्या खडीचा थर साधारण 150 ते 200 मिलिमीटर ठेवतात आणि जमीन कमजोर असेल तर तो वाढवतात. हा सगळा थर एकदम ओतून वरून रोलर फिरवणे चुकीचे आहे, कारण दाब वरच्या काही इंचांपर्यंतच पोहोचतो आणि खालचा भाग सैल राहतो. खडी किंवा मुरूम साधारण 150 मिलिमीटरच्या थरांत पसरावा आणि प्रत्येक थर वेगळा दाबावा. मुरूम अगदी कोरडा असेल तर त्याचे कण एकमेकांत बसत नाहीत आणि चिखल झाला असेल तर रोलरखाली तो नुसता हलत राहतो. मूठभर मुरूम दाबून पाहावा. मूठ उघडल्यावर गोळा टिकावा, पण हाताला पाणी सुटू नये, इतका ओलावा ठीक असतो.

दबाई झाली की नाही हे पाहण्याची एक सोपी आणि विश्वासार्ह रीत आहे, आणि मालकाने ती आग्रहाने करून घ्यावी. भरलेला डंपर तयार पायावरून माणसाच्या चालीने चालवायचा आणि आपण मागच्या चाकांच्या बाजूने चालत, नजर चाकाखाली ठेवून पाहायचे. चाक पुढे जाताना जमीन आत दबून पुन्हा वर येत असेल, किंवा चाकामागे ओळ उमटत असेल, तर ती जागा चुन्याने आखून ठेवावी. तो भाग खणून, ओला माल काढून पुन्हा भरल्याशिवाय पुढचे काम सुरू करू देऊ नये. डांबर पडल्यानंतर हेच मऊ ठिकाण शोधणे अतिशय खर्चिक ठरते. पाण्याचा नळ, ड्रेनेज किंवा वीजवाहिनीसाठी खणलेले चर याच चाचणीत बहुधा उघडे पडतात, कारण ते भरताना धुम्मस (माती ठोकून दाबण्याचे अवजार) चालवण्याचा कंटाळा केलेला असतो.

उतार नजरेने ठरवणे

पाणी साचणार नाही इतका उतार हवा, एवढे सगळ्यांना मान्य असते. मात्र तो किती हवा हे कंत्राटात लिहिलेले नसते. डांबरी पृष्ठभागाला साधारण 2 टक्के, म्हणजे दर मीटरला 2 सेंटिमीटर उतार ठेवावा. काँक्रीट अधिक काटेकोर पातळीत बसवता येते, त्यामुळे तिथे 1 टक्क्यापर्यंत उतार चालतो, तरी शक्य असेल तेव्हा 2 टक्केच ठेवलेला बरा. उतार इमारतीपासून दूर जाणारा असावा आणि तो खडीच्या पायालाच दिलेला असावा. पाया सपाट ठेवून वरचे डांबर कमीजास्त जाडीने अंथरून उतार साधला, तर पातळ बाजू आधी फुटते.

काम झाल्यावर, पैसे पूर्ण देण्याआधी, नळीने पाणी सोडून पाहावे. पाणी वाहून गेल्यावर जिथे डबकी राहतात, त्यांच्या कडा खडूने आखून घ्याव्यात. डबके लहान आणि उथळ असले तरी तिथून गाडी गेली की चाकाखालचे पाणी दाबाने प्रत्येक बारीक छिद्रात शिरते आणि खडीवरचे डांबराचे आवरण सोडवते. जिथे पाणी गोठते तिथे हानी आणखी वेगाने होते, कारण बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्क्यांनी फुगते आणि भेग रुंदावते.

छताचे पाणी आणणारे पाइप ड्राइव्हवेवर मोकळे सोडलेले असतात, हेही वारंवार दिसते. एका ठिकाणी सतत धार पडून डांबर झिजते आणि शेजारचा पाया ओला राहतो. ते पाणी पाइपने थेट गटारापर्यंत न्यावे. बागेतील फवारे रोज ड्राइव्हवेची कड भिजवत असतील तर त्यांची दिशा बदलावी.

कोणत्या गाड्या येणार हे आधी न ठरवणे

1958 ते 1960 या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ खास बांधलेल्या बंद फेऱ्यांच्या रस्त्यांवर ट्रक चालवून रस्त्यांची मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम आजही वापरला जातो: गाडीच्या आसावरील (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरील) भार जितक्या पटींनी वाढतो, त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात रस्त्याची हानी वाढते. म्हणजे आसभार दुप्पट झाला तर हानी सुमारे 16 पट, आणि दहापट झाला तर सुमारे 10,000 पट. मोटारीच्या आणि भरलेल्या टँकरच्या आसभारात निदान दहापटीचे अंतर असते. मोटारींसाठी बांधलेला वाहनतळ मोटारींनी क्वचितच फुटतो. तो पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी आणि सामान आणणाऱ्या ट्रकमुळे फुटतो. संपूर्ण जागा जाड करण्याऐवजी या गाड्यांची वाट, वळण्याची जागा आणि कचरापेटीसमोरचा थांबा ठरवून तेवढाच भाग अधिक जाड किंवा काँक्रीटचा करावा.

निवालेले डांबर दाबणे

गरम डांबरी मिश्रण सुमारे 140 ते 160 अंश सेल्सियसला येते आणि साधारण 85 अंशांच्या खाली गेल्यावर रोलरचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. लांबून आलेला, ताडपत्री न घातलेला ट्रक, थंड वारा किंवा ओला पाया यांपैकी एकही गोष्ट असली तर दबाई अपुरी राहते, थरात छिद्रे उरतात आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरते. पातळ थर जाड थरापेक्षा फार लवकर निवतो, म्हणून 25 मिलिमीटरचा स्वस्त थर अखेरीस स्वस्त पडत नाही. थराची जाडी त्यातील सर्वांत मोठ्या खडीच्या किमान तिप्पट असावी, हेही कंत्राटात नोंदवावे, आणि जाडी दबल्यानंतरची लिहावी. सैल जाडी लिहिली तर दबल्यावर ती सुमारे पाचव्या हिश्शाने कमी भरते.

काँक्रीटमध्ये पाणी वाढवणे

माल सहज पसरावा म्हणून कामगार मिश्रणात पाणी ओततात, आणि ही चूक पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडते. 0.45 हे पाणी-सिमेंट प्रमाण धरले तर 50 किलोच्या पोत्याला वाळूतील ओलावा धरून साडेबावीस लिटर पाणी लागते. त्यात दहा लिटरची एक बादली अधिक पडली की प्रमाण 0.65 होते, काँक्रीटची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते आणि वाळताना ते अधिक आकसते. माल घट्ट वाटत असेल तर पाण्याऐवजी प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) वापरावे. दुसरी सवय म्हणजे वर सुटलेले पाणी शोषण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरून थापीने गुळगुळीत करणे. असा पृष्ठभाग दिसायला सुंदर दिसतो, पण काही महिन्यांत त्याची पापुद्र्यासारखी साल निघते आणि पावसात त्यावर पाय घसरतो. सुटलेले पाणी आपोआप उडून जाईपर्यंत थांबावे आणि शेवटी ताठ झाडूने आडवे ओरखडे काढावेत.

सांधे कापायला उशीर केला तर काँक्रीट स्वतःच, मनाला येईल तिथे, सांधा करते. 100 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबला अडीच ते तीन मीटरवर, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतके म्हणजे 25 मिलिमीटर खोल सांधे हवेत, आणि ते हवामानानुसार साधारण 6 ते 18 तासांत कापावेत. तुकडे शक्यतो चौरस ठेवावेत. लोखंडी जाळी जमिनीवर अंथरून वर माल ओतल्याने ती तळाशीच पडून राहते आणि काही कामाची नसते. ती कव्हर ब्लॉकवर, म्हणजे छोट्या ठोकळ्यांवर, उचलून ठेवावी. गोणपाट ओले ठेवून किंवा वाफे करून त्यात पाणी साठवून किमान 7 दिवस क्युरिंग करावे, म्हणजे काँक्रीट ओले ठेवावे. मोटारी त्यानंतर आणि जड वाहने 28 दिवसांनंतर येऊ द्यावीत.

पेव्हर ब्लॉकबद्दल थोडक्यात इतकेच सांगेन. मोटारींसाठी 60 आणि जड गाड्यांसाठी 80 मिलिमीटर किंवा त्याहून जाड ब्लॉक घ्यावा, खालचा वाळूचा थर 25 ते 40 मिलिमीटरच ठेवावा आणि चारही बाजूंना काँक्रीटचा कर्ब द्यावा. पायातील खाचखळगे वाळू जाड अंथरून झाकले, तर चाकांच्या वाटेवर ब्लॉक खचणारच.

सीलकोटकडून चुकीची अपेक्षा

सीलकोट म्हणजे डांबरावर लावायचा पातळ संरक्षक लेप. तो ऊन, पाणी आणि सांडलेले तेल यांपासून डांबराचे रक्षण करतो. त्याने ताकद वाढत नाही आणि भेग बुजत नाही. नव्या डांबराला किमान 6 महिने, शक्य असल्यास वर्षभर तसेच ठेवावे, कारण त्यातील हलके तेलकट घटक आधी उडून जावे लागतात. पुढे साधारण 3 ते 5 वर्षांनी एक हात पुरतो. दरवर्षी थर चढवला तर तो जाड होऊन स्वतःच तडकतो. सील करण्याआधी 3 मिलिमीटरपेक्षा रुंद भेगा साफ करून, पूर्ण सुकवून, रबरमिश्रित गरम सीलंटने भराव्यात. सिमेंटची पेस्ट भरू नये. भेग थंडीत उघडते, उन्हात मिटते आणि कडक सिमेंट तिच्यासोबत हलू शकत नाही. कोल टारचा (दगडी कोळशापासून मिळणाऱ्या काळ्या चिकट द्रवाचा) सीलकोट शक्यतो टाळावा, कारण त्यात बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन या घातक रसायनांचे प्रमाण फार मोठे असते आणि झिजलेली धूळ पाण्यासोबत ओढ्यांत जाते. पेट्रोल आणि इंजिन ऑइल डांबराला विरघळवतात, म्हणून डाग पडल्यावर लगेच वाळू किंवा भुसा टाकून ते शोषून घ्यावेत आणि तेलकट डाग साफ केल्याशिवाय त्यावर सीलकोट लावू नये, तो तिथे धरत नाही.

खड्ड्यात माल ओतून निघून जाणे

खड्डा बुजवताना त्याच्या सैल कडा तशाच ठेवल्या तर नवे ठिगळ कडेने सुटते. चांगल्या, घट्ट डांबरापर्यंत चौकोनी आखणी करून कडा उभ्या कापाव्यात, आतला ओला माल खरवडून काढावा, पाया दाबावा, तळाला आणि कडांना टॅक कोट, म्हणजे नवा माल चिकटावा म्हणून पातळ डांबराचा हात, लावावा. खोली जास्त असेल तर 50 ते 75 मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर दाबावा आणि शेवटी तो आजूबाजूपेक्षा किंचित उंच ठेवावा, कारण चाकांखाली तो आणखी दबतो. गरम मालाचे ठिगळ हाताला थंड लागेपर्यंत त्यावर गाडी उभी करू नये, आणि पहिले काही आठवडे कडक उन्हात दुचाकीच्या स्टँडखाली लाकडी फळीचा तुकडा ठेवावा.