पेन्सिल पोर्ट्रेटमध्ये रंग भरताय? या चुका टाळा

चेहरा छान जमलेला असतो, डोळ्यांत जीव आलेला असतो आणि वाटतं, आता गालांवर थोडा रंग यायला हवा. रंग दिला की तेच गाल राखेसारखे दिसू लागतात. मेहनतीचं चित्र डोळ्यांदेखत मळकट होताना फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा गडबड खालच्या शेडिंगमुळे होते.

पूर्ण शेडिंग केलेल्या चित्रावर थेट रंग चढवणं ही सगळ्यांत मोठी चूक. ग्राफाइटची, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाची, भुकटी कागदावर सुटीच असते. रंगीत पेन्सिल फिरली की ही भुकटी रंगात मिसळते. पिवळा तर हमखास हिरवट होतो. एका चिठोऱ्यावर ४बी या मऊ, गडद पेन्सिलीने ठिपका गडद करा आणि त्यावर पिवळी पेन्सिल फिरवून बघा, लगेच लक्षात येईल. केसांत किंवा हनुवटीखाली त्याहून मऊ ६बी दाबून वापरली असेल, तर तिथला कागद इतका गुळगुळीत होतो की रंग धरतच नाही. रंग द्यायचा हे आधीच ठरलं असेल तर एचबीने हलकं रेखाटन करा आणि सावल्या रंगांनीच उभ्या करा.

शेडिंग होऊन गेलं असेल तर नीडेड इरेजर (कणकेसारखा मळता येणारा खोडरबर) हातात मळून मऊ करा आणि तो कागदावर टिपत जा. घासलंत तर काळपटपणा आणखी पसरेल. नाकपुडीजवळ त्याला टोक काढा. रेषा जेमतेम दिसतील इतपतच राहू द्या. चित्र मनासारखं झालं असेल तर मात्र मी म्हणेन, त्याला हात लावू नका. दुसऱ्या कागदावर ट्रेस करून त्यात रंग भरा.

फिक्सेटिव्ह (चित्र पक्कं करणारा स्प्रे) मारलं की काम झालं, हाही गैरसमजच. त्याने भुकटी पसरायची थांबते, राखाडीपणा जात नाही. जलरंग देणार असाल तर नको त्या रेषा आधीच खोडा, कारण वर रंग सुकला की त्या नीट निघत नाहीत. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या, पातळ कागद फुगतो.

आता त्वचा. ‘स्किन कलर’ची एकच पेन्सिल चेहराभर फिरवली की मुखवटा तयार होतो. हलक्या हाताने थर द्या: आधी फिकट पिवळसर, मग गाल, नाकाचा शेंडा आणि कानांवर तांबूस, शेवटी तपकिरी. पहिल्याच थराला जोर दिलात तर पुढचे थर बसणार नाहीत. सावलीसाठी काळा घेऊ नका. गडद तपकिरीवर थोडा जांभळा किंवा निळा द्या. सावळ्या चेहऱ्याला तर काळ्याने सगळं तेजच जातं.

डोळ्यांचा पांढरा भागही अगदी कोरा सोडू नका. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, तिथे निळसर करड्याचा हलका हात द्या. बुबुळातल्या चमकीच्या ठिपक्यापुरताच कागद कोरा राहू द्या.