विश्वाचा पसारा मुलांना कसा दाखवावा: एक नारळ, चिमूटभर मोहरी आणि अख्खा गोवा

वर्गात सूर्यमालेचा तक्ता असेल तर तो आधी भिंतीवरून उतरवा. त्यात गुरू मंगळाला खेटून बसलेला असतो, पृथ्वी बोराएवढी असते आणि सूर्य म्हणजे कोपऱ्यातली पिवळी कड. आकार एका मापाचे, अंतरं दुसऱ्याच मापाची. छापणाऱ्याचा नाइलाज असतो, कागदच तेवढा. पण हे चित्र मुलाच्या मनात एकदा बसलं की निघता निघत नाही. पाचवी ते आठवीच्या मुलांना मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे, आणि माझा निम्मा वेळ या तक्त्याचं शिकवणं पुसण्यात जातो.

फळ्यावर शून्यं लिहून मोजायला लावणं हाही असाच वाया जाणारा तास. पृथ्वीवरून निघून दीर्घिकांपर्यंत, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांपर्यंत, झपकन नेणारे व्हिडिओ मुलं तोंड उघडं टाकून बघतात, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर एकालाही काही सांगता येत नाही. अंतर पायांनी चालावं लागतं.

माप हे घ्या: १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. मग १ मीटर म्हणजे आपोआप १ कोटी किलोमीटर. दुसरं कुठलंही माप घेऊ नका. आपल्याकडे गोव्यात मूल चौथीपर्यंत मराठीतून शिकतं आणि पाचवीला हातात इंग्रजी पुस्तक येतं. मिलियन आणि बिलियन हे दोन्ही शब्द त्याला ‘खूप’ एवढ्याच अर्थाचे वाटतात. लाख आणि कोटी मात्र त्याने घरी ऐकलेले असतात, भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, किमतीत, घराच्या कर्जात. तरीही खात्री करून घ्या. १ लाख सेकंद म्हणजे किती, असं विचारा. सव्वा दिवसाच्या आत. १ कोटी सेकंद? जवळजवळ चार महिने. १ अब्ज? साडेएकतीस वर्षांहून जास्त. वहीत हिशेब त्यांनाच करू द्या.

सामान स्वयंपाकघरातून आणा. सूर्य १४ सेंटिमीटरचा, म्हणजे बेताचा असोला नारळ. पट्टीने मोजून निवडा. पृथ्वी आणि शुक्र बारीक मोहरीचे दाणे, मंगळ खसखशीचा, बुध रव्याचा कण. गुरूला गोटी, शनीला भिजवलेला काबुली चणा, युरेनस आणि नेपच्यूनला मिरी. चंद्राला किनाऱ्यावरच्या वाळूचा एक कण. प्रत्येक दाणा पांढऱ्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवा. मैदानात सुटी मोहरी पडली तर पृथ्वी सापडणार नाही.

मैदानावर नारळापासून सुतळी ताणा: बुध ६ मीटरवर, शुक्र ११, पृथ्वी १५, मंगळ २३, गुरू ७८. फुटबॉलचं मैदान शनीच्या आधीच संपतं. शनी १४३ मीटरवर येतो, युरेनस २८७ वर आणि नेपच्यून ४५० वर. हे तिघे रस्त्यावर जातात, तेव्हा त्यांच्या जागा आदल्या दिवशी मोजून ठेवा. आमच्याकडे नेपच्यून बसथांब्याच्या पुढे एका वडाखाली येतो, आणि ती मिरी धरून उभं राहायला मुलांची चढाओढ लागते. तिथून नारळ दिसत नाही, हे त्या मुलाने परत येऊन सगळ्यांना सांगायला हवं.

चंद्र पृथ्वीच्याच पुठ्ठ्यावर, तिच्या मोहरीपासून ४ सेंटिमीटरच्या आत. माणूस आजवर या पुठ्ठ्याच्या बाहेर गेलेला नाही, एवढं सांगा आणि पुढे चला.

आता प्रकाश. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे आपल्या मापावर सेकंदाला ३ सेंटिमीटर. मुंगीची चाल. एका मुलाने सुतळीवर बोट ठेवून नारळापासून निघायचं, दुसऱ्याने सेकंदाला एक टाळी द्यायची, तिसऱ्याने पट्टी धरायची. पृथ्वीच्या मोहरीपर्यंत ८ मिनिटं २० सेकंद लागतात. तिसऱ्या मिनिटाला मुलं कंटाळतात, पाचव्याला विचारतात, “टीचर, अजून किती?” थांबवू नका. हा कंटाळाच त्यांच्या लक्षात राहणार आहे. विश्वातली सगळ्यात वेगवान गोष्ट ही अशी रांगते, हे पुस्तकातल्या आकड्याने कळत नाही. नेपच्यूनला पोचायला चार तास दहा मिनिटं लागतील: सकाळी आठला निघालेला प्रकाश बारा वाजून दहा मिनिटांनी वडाखाली.

शेवटी विचारा, सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा कुठे ठेवायचा? मुलं शेजारच्या गावाची, फार तर मडगावची नावं घेतात. उत्तर ४००० किलोमीटर. वर्गात कुणाचे ना कुणाचे वडील किंवा मामा कुवेतला असतातच. कुवेत इथून सरळ रेषेत साधारण ३००० किलोमीटर. त्याच्याही पुढे हजार किलोमीटर गेल्यावर एक सुपारी ठेवलेली असेल, तो प्रॉक्झिमा सेंटॉरी. मधे दुसरा एकही तारा नाही. मे महिन्यात रात्री उशिरा समुद्रावर गेलात तर दक्षिण क्षितिजाच्या थोडं वर दिसणारा ‘मित्र’ नावाचा ठळक तारा याच कुटुंबातला. हा त्याचा मंद सोबती मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

इथे थांबा. त्या दिवशी पुढे एक शब्दही नको.

हे मी कळकळीने सांगते आहे, कारण मी थांबले नव्हते. पहिल्या खेपेला मुलं इतकी रंगली होती की त्याच तासाला मी आकाशगंगेवर, म्हणजे आपण राहतो त्या दीर्घिकेवर, उडी मारली. ‘समजा, आपला गोवा म्हणजे आकाशगंगा,’ असं म्हणून माप बदललं आणि देवयानी ही शेजारची दीर्घिका कतारमधल्या दोह्याला नेऊन ठेवली. पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली, तर निम्म्या वर्गाने लिहिलं होतं की देवयानी ही प्रॉक्झिमापेक्षा जवळ आहे. कारण दोहा कुवेतपेक्षा जवळ आहे. त्यांचं तर्कशास्त्र बिनचूक होतं. हातातली मोजपट्टी मी बदलली होती, आणि ती बदलल्याचं त्यांना जाणवूच दिलं नव्हतं. बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की मुलांना चार-पाच वेगवेगळी मापं दाखवा, म्हणजे कल्पना विस्तारते. विस्तारत नाही, विस्कटते. माप एकदाच बदलावं, आणि बदलताना जुनं अख्खं माप नव्याच्या आत ठेवून दाखवावं.

म्हणून मधे एक रात्र जाऊ द्या. सुतळी मुलांच्या हातूनच गुंडाळून घ्या, नारळ कपाटात जाताना त्यांना दिसू द्या. दुसऱ्या दिवशी मैदान नको, वर्गात बसा. तळहातावर मोहरीचा एक दाणा घेऊन बाकांमधून फिरा आणि विचारा, काल हे काय होतं? “पृथ्वी!” आज ती पृथ्वी नाही. मग एका मुलाला कालचं सगळं क्रमाने सांगायला लावा: नारळ, सुतळी, मैदान, रस्ता, बसथांबा, वड. नेपच्यून सूर्याभोवती फिरतो तो सगळा घेर, या टोकापासून त्या टोकापर्यंत ९०० मीटर. आज ते सगळं मिळून ही एक मोहरी. बारीकातली बारीक, १ मिलिमीटरची. इथे घाई करू नका. प्रत्येक मुलाच्या हातावर तो दाणा जाऊ द्या, मग वर्ग शांत होतो. माझ्या अनुभवात हा विषय मुलांना या क्षणी कळतो, मैदानावर नव्हे.

आता नवं माप सांगा: १ मीटर म्हणजे १ प्रकाशवर्ष, प्रकाश वर्षभरात जेवढं जातो तेवढं अंतर. प्रॉक्झिमा मोहरीपासून सव्वाचार मीटरवर, म्हणजे टेबलापासून साधारण तिसऱ्या बाकावर. कालचं कुवेत आज तिसऱ्या बाकावर आलं, हे मोठ्याने म्हणा, मुलांकडूनही म्हणवून घ्या. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे एखाद-दोन किलोमीटरच्या आत, वाड्यावाड्यांवर. आणि आकाशगंगेची तबकडी सुमारे १ लाख प्रकाशवर्षांची, म्हणजे १०० किलोमीटर. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर आहे. असा योगायोग शिक्षकाला पुन्हा मिळत नाही. उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळे गावापर्यंत आकाशगंगा. फोंडा तिचं केंद्र धरा. सूर्य केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे सरळ रेषेत साधारण पर्वरीला. त्या एवढ्या पसाऱ्यात किमान १० हजार कोटी तारे, आणि पर्वरीला पडलेल्या एका मोहरीत आपली सगळी सूर्यमाला.

इथे गोव्याचा नकाशा टांगायचा मोह होतो. टांगू नका. नकाशा हे तिसरं माप असतं, आणि मुलं लगेच त्यावर पट्टी लावून मोजायला लागतात. त्याऐवजी कदंबच्या बसने पेडण्याहून काणकोणला जायला किती वेळ लागतो ते विचारा. तेवढं अंतर त्यांच्या अंगात असतं.

देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे २५०० किलोमीटर. आता दोहा म्हणायला हरकत नाही, पण एक नियम घालून: उत्तराच्या आधी ‘नारळाचं माप’ किंवा ‘गोव्याचं माप’ म्हटल्याशिवाय उत्तर धरायचं नाही. चाचणीतही तसंच. या नियमाने माझ्या वर्गातला गोंधळ जवळजवळ संपला.

त्यापुढचं विश्व एका वाक्यात सांगा: आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाचा व्यास सुमारे ९३०० कोटी प्रकाशवर्षं. तिसरं माप काढू नका. “त्याच्या पलीकडे काय?” असं कुणीतरी विचारतंच. तिथला प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेला नाही, हे खरं उत्तर द्या.

नोव्हेंबरच्या मध्यावर, चंद्र नसताना, सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या अंधाऱ्या गावात रात्री साडेनवाच्या सुमारास मुलांना उत्तरेकडे उंचावर पाहायला लावा. देवयानी पुसटशा ढगासारखी दिसते. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्या, मोबाइल खिशात ठेवायला सांगा. थेट तिच्याकडे न बघता जरा बाजूला बघायचं, मग ती उमटते. ज्याला दिसली नाही त्याच्याकडून ‘दिसली’ म्हणवून घेऊ नका. त्याला पुन्हा एकदा, दुर्बीण घेऊन, आणा.