रीफ टँकमधले अनोळखी जीव: ओळख पटण्याआधी या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. लाइव्ह रॉक (जिवंत जीव असलेले समुद्री दगड) किंवा कोरलच्या फ्रॅगसोबत (छोट्या तुकड्यासोबत) न मागितलेलं काहीतरी टँकमध्ये येतंच. रात्री दगडाच्या फटीतून केसाळ अळी डोकावली की बहुतेकांचा हात थेट चिमट्याकडे जातो. पण ते बहुधा साधं ब्रिसलवर्म असतं आणि उरलंसुरलं खाद्य, मेलेले जीव साफ करतं. मेलेल्या कोरलवर ते सापडलं म्हणून खूनही त्यानेच केला असं नाही. सहसा ते वास लागल्यावर येतं. त्यांची संख्या एकदम वाढली तर आपण खाद्य जास्त टाकतोय. फक्त उघड्या हाताने धरू नका, केस कातडीत रुततात.

एप्टेशियाच्या बाबतीत नेमकी उलटी चूक होते. हा तपकिरी, पारदर्शकसर अ‍ॅनिमोनी दिसायला फुलासारखा, गोंडस, म्हणून आधी राहू दिला जातो आणि पसरला की खरवडला जातो. तळाचा बारीक तुकडा दगडावर उरला तरी त्यातून नवा उगवतो. त्यापेक्षा पंप बंद करून कॅल्कवॉसरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) घट्ट पेस्ट सिरिंजने त्याच्या तोंडावर सोडा. एका वेळी मोजकेच घ्या, नाहीतर पीएच उसळेल. एप्टेशिया खाणारी पेपरमिंट श्रिंप (कोळंबी) आणणार असाल तर नीट बघून घ्या; त्या नावाखाली कॅमल श्रिंप गळ्यात पडते आणि ती कोरलच खाते.

टँकमधून ‘टक्’ असा आवाज आला की लगेच शंख फोडणाऱ्या शिकारी मँटिस श्रिंपवर आळ येतो. तसाच आवाज पिस्टल श्रिंपही करते, आणि तिच्यापासून सहसा धोका नसतो. फुटलेले शंख सापडत असतील तर संशय रास्त.

काचेवरच्या इवल्या गोल गोगलगायी निरुपद्रवी कोलोनिस्टा असू शकतात. तांदळाच्या दाण्यासारख्या लांबट, पांढऱ्या गोगलगायी रात्री क्लॅमच्या (शिंपल्याच्या) कडेला जमत असतील तर त्या पिरॅमिडेलिड, क्लॅमचा रस शोषणाऱ्या. म्हणजे आकाराइतकीच जागाही बघायची. त्यासाठी टँकचे दिवे बंद झाल्यावर लाल टॉर्च वापरा. निळ्या प्रकाशातल्या फोटोवरून मात्र कुणालाच काही ओळखता येत नाही.

एक चूक जिवावर बेतू शकते: सगळं मरावं म्हणून दगड उकळणं. त्यावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (कोरलसारखे जीव) असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेसोबत घरभर पसरतं. संशयित दगड खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत, हीटर आणि पंप लावून ठेवा.