कमी बोलणारा निवेदक, जास्त बोलणारं विश्लेषण: या चुका टाळा

सबमिशनचा महिना आला की टेबलावर प्रोजेक्टची चळत लागते आणि त्यातले कितीतरी एकाच वाक्याने सुरू होतात: ‘या कादंबरीचा निवेदक शांत, संयमी आणि निरीक्षक वृत्तीचा आहे.’ बरं, मग? हे कळायला कादंबरी वाचावी लागत नाही, मलपृष्ठ पुरतं. पुढची वीस पानं हेच वाक्य कपडे बदलून येत राहतं.

उदाहरणासाठी काझुओ इशिगुरोची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ घेते. १९८९ची कादंबरी, त्याच वर्षी बुकर मिळालं, आणि इंग्रजीच्या पोरांना अशा निवेदकावर लिहायचं म्हटलं की हमखास हीच सुचते. डार्लिंग्टन हॉल या बड्या घराचा बटलर स्टीव्हन्स १९५६च्या जुलैत नव्या अमेरिकन मालकाची फोर्ड घेऊन प्रवासाला निघतो. जुन्या हाउसकीपरला, मिस केंटनला भेटायचं असतं. वाटेत तो आठवणी सांगत जातो. मराठीवाल्यांसाठी अधूनमधून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, धनगरांच्या वाडीवर आलेल्या शाळामास्तराने सांगितलेली.

‘निवेदक तटस्थ आहे’

ही माझी सर्वांत नावडती चूक, म्हणून आधी हिचाच समाचार.

मार्च १९२३. डार्लिंग्टन हॉलमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली आहे. माडीवर स्टीव्हन्सचे वडील शेवटच्या घटका मोजताहेत. तेही जन्मभर बटलरच होते. खाली स्टीव्हन्स पाहुण्यांना पोर्ट वाइन देत फिरतोय. कोण काय बोललं, फ्रेंच पाहुण्याचे पाय कसे दुखत होते, सगळं नेहमीच्या सुरात सांगतोय. मध्येच कार्डिनल नावाचा तरुण पाहुणा त्याला विचारतो, तुझं बरं आहे ना? थोड्या वेळाने खुद्द मालक, लॉर्ड डार्लिंग्टन, म्हणतात, तू रडतोयस असं वाटतंय. स्टीव्हन्स हसतो, रुमालाने तोंड पुसतो, दिवसभराच्या दगदगीवर ढकलतो आणि कामाला लागतो.

आता तेवढं पान परत वाचा. ‘मी रडलो’ असं वाक्य सापडतं का? डोळे भरून आले, गळा दाटला, काही म्हणजे काही नाही. तो रडतोय हे आपल्याला दुसऱ्यांच्या तोंडून कळतं, आणि त्यांचं बोलणं आपल्यापर्यंत आणतो तो हाच गप्प माणूस. त्याला ते गाळता आलं असतं. गाळलं नाही. पुढे वडील गेल्याची बातमी मिस केंटन घेऊन येते, तर हा वर जात नाही. डोळे मिटायचं काम तिच्यावर सोपवतो, वडिलांनाही हेच आवडलं असतं म्हणतो. आणि वर्षांनंतर ती संध्याकाळ आठवताना त्याला काय वाटतं? विजय! असा माणूस तटस्थ? तटस्थ माणसाला स्वतःच्या बापाच्या मरणाच्या रात्रीचा असा हिशेब मांडावा लागत नाही.

मी काय करते ते सांगते. पद्धत वगैरे नाही, सवय आहे. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घ्यायची आणि निवेदक स्वतःबद्दल जे बोलतो त्यावर अजिबात खूण करायची नाही. इतर पात्रं त्याच्याबद्दल किंवा त्याला उद्देशून जे बोलतात, तेवढंच वहीच्या एका पानावर उतरवायचं. कार्डिनल काय म्हणाला, डार्लिंग्टन काय म्हणाले, मिस केंटन काय म्हणाली. ते पान भरलं की त्याच्या शेजारी त्याच प्रसंगात निवेदकाने काय सांगितलं ते लिहायचं. दोन रकान्यांमध्ये जिथे फट दिसते तिथे तुमचा प्रकरणाचा विषय असतो. वेळ लागतो. ज्यांना रविवारी पुस्तक हातात घेऊन सोमवारी प्रकरण द्यायचंय त्यांच्यासाठी हे नाही, त्यांनी सरळ दुसरा विषय घ्यावा.

‘बनगरवाडी’वर लिहिणारेही हाच घोळ घालतात. मास्तर म्हणे नुसता कॅमेरा. अहो, पोरं शाळेत यावीत म्हणून खटपट कोण करतो? वाडीला तालीम हवी हे कोणाच्या डोक्यात येतं, ती उभी राहावी म्हणून धनगरांना कामाला कोण लावतो? मास्तर स्वतःबद्दल फार बोलत नाही म्हणून तो गोष्टीच्या बाहेर आहे असं होत नाही. दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हा तो जे मोजक्या शब्दांत सांगतो, ते वाडीत ज्याचं काहीच अडकलेलं नाही अशा माणसाला सांगता येणार नाही.

सिनेमा पाहून लिहिणं

१९९३चा सिनेमा चांगला आहे, अँथनी हॉपकिन्सने कमाल केली आहे, सगळं मान्य. पण तुमचा विषय निवेदक आहे ना? सिनेमात स्टीव्हन्सचा चेहरा दिसतो. कादंबरीत त्याला चेहराच नाही, आपण त्याच्या डोळ्यांच्या मागे बसलेलो असतो. जे हॉपकिन्स गालाच्या एका स्नायूने दाखवतो, ते इशिगुरोला वाक्याच्या लांबीतून, विषय बदलण्यातून काढावं लागतं. सिनेमा पाहून निवेदकावर लिहिणं म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा तीच वगळून अभ्यास करणं.

एका कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. मुलगा टापटीप, प्रोजेक्टला स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर जुन्या हवेलीचा रंगीत फोटो. मी सहज सुरुवात म्हणून विचारलं, “स्टीव्हन्सचा नवा मालक कोण?”

“लुईस, मॅडम. अमेरिकन.”

“नक्की?”

“हो मॅडम. तो आधी त्या परिषदेला येऊन गेलेला असतो ना, तोच मग घर विकत घेतो.”

“आणि फॅरडे?”

मुलाने त्याच्या मार्गदर्शक सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीकडे पाहिलं.

घर लुईस विकत घेतो ते सिनेमात. कादंबरीत लुईस १९२३च्या परिषदेला येतो, चार खडे बोल सुनावतो आणि संपतो. नवे मालक फॅरडे, वेगळेच गृहस्थ. पटकथेच्या सोयीसाठी दोन माणसांचा एक केला, त्यात गैर काही नाही. पण या मुलाच्या सत्तर पानांत फॅरडे एकदाही नव्हता, म्हणजे कादंबरीचं पहिलं पानसुद्धा उघडलेलं नव्हतं, कारण सगळी गोष्ट फॅरडेंच्या बोलण्यावरूनच सुरू होते. मी पुढे विचारलं की सिनेमात कबुतर सुटतं त्या प्रसंगाचं तुम्ही दोन पानं विश्लेषण केलंय, त्याचा पान क्रमांक द्या. तो शोधत बसला. पाच मिनिटं मी शोधू दिलं. हे क्रूर होतं असं सरांचं नंतर चहा पिताना मत पडलं. माझं मत वेगळं आहे.

हल्ली सिनेमाची जागा एआयने घेतली आहे. उत्तरं गुळगुळीत येतात, शुद्धलेखन उत्तम, आणि प्रसंग कुठला ते विचारलं की पुन्हा खिडकी.

‘अविश्वसनीय निवेदक’ हा शिक्का

अमेरिकन समीक्षक वेन बूथने १९६१ साली ही संज्ञा चालवली आणि तेव्हापासून पोरांची सोय झाली. शिक्का मारला की विषय संपला. शिवाय शिक्क्याचा अर्थ ‘खोटारडा’ असा धरून चालतात.

स्टीव्हन्स कसा चुकतो ते बघा. त्याला आठवतं की आपण मिस केंटनच्या खोलीबाहेर अंधाऱ्या बोळात उभे होतो आणि दारापलीकडे ती रडत असल्याची खात्री वाटत होती. कधी? तिची मावशी वारल्याची बातमी आली तेव्हा, असं तो आधी सांगतो. बरीच पानं गेल्यावर म्हणतो, नाही, बहुधा ती वेळ वेगळी होती. ती संध्याकाळ होती मिस केंटनने दुसऱ्या माणसाचं लग्नाचं मागणं स्वीकारल्याची. म्हणजे रडणं मावशीसाठी नव्हतं. यात आपल्याशी खोटं कुठे बोलला? उलट स्वतःच दुरुस्ती करतो, तीही फार वेळाने आणि सहज जाता जाता. मग हे दुःख आधी मावशीच्या खाती का टाकलं, हा खरा प्रश्न. तो सोडून ‘अविश्वसनीय’ लिहिलंत तर अर्धा मार्क. तोही मी देते म्हणून.

यासाठी माझी सवय: निवेदकाने ‘आता आठवतं की’, ‘खरं तर’, ‘कदाचित मी घोटाळा करत असेन’ असं जिथे जिथे म्हटलंय तिथे पानाचा कोपरा दुमडायचा. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर कागदाची चिठ्ठी, कृपा करून.

बाकीच्या, थोडक्यात

‘निरीक्षणशक्ती तीव्र आहे.’ कशाची? स्टीव्हन्सला चांदीची भांडी दिसतात. ब्रिटिश राजकारणी लॉर्ड हॅलिफॅक्स हिटलरच्या राजदूताला, रिबेनट्रॉपला भेटायला येतात तेव्हा चांदीच्या झळाळीने त्यांचा मूड सुधारला, याचा त्याला केवढा अभिमान. त्या भेटीत काय शिजत होतं ते मात्र दिसत नाही. काय दिसतं आणि काय दिसत नाही, दोन्हींची यादी हवी.

शांत म्हणजे सज्जन. नाही हो! लॉर्डसाहेबांच्या हुकमावरून दोन ज्यू मोलकरणींना कामावरून काढलं, तेव्हा मिस केंटन भांडली. हा संध्याकाळच्या कोकोच्या वेळी तिला व्यवस्था समजावून सांगत बसला. वर्षभराने म्हणतो, मलाही वाईट वाटलं होतं. ती विचारते, तेव्हाच का नाही सांगितलंत? याला धड उत्तर देता येत नाही. त्याचं गप्प राहणं कोणाच्या तरी पोटावर पाय देऊन गेलंय, आणि तुम्ही त्याला ‘मितभाषी’ म्हणून मार्क मागता.

निवेदक म्हणजे लेखक. इशिगुरो जन्मले नागासाकीत, १९५४ साली. बास.

अर्ध्या पानाची अवतरणं: जागा भरते, बाकी काही होत नाही.

कुठून सुरू करू कळत नाही?

अनुक्रमणिका उघडा. मी गंमत करत नाही. प्रकरणांची नावं दिवसांची आहेत: पहिला दिवस संध्याकाळ, सॉल्सबरी, दुसरा दिवस सकाळ, असं करत चौथा दिवस दुपार, लिटल कॉम्प्टन. त्यानंतर थेट सहावा दिवस, संध्याकाळ, वेमथ. पाचवा दिवस नाहीच. चौथ्या दिवशी तो मिस केंटनच्या भेटीची वाट बघत बसलाय, आणि भेटीत काय झालं ते कळतं दोन दिवसांनी, समुद्रकिनारी, मागे वळून सांगताना. रोज सकाळ-संध्याकाळ सगळं नोंदवणारा माणूस नेमका तिथेच एक दिवस गाळतो. वर्गात हे दाखवलं की पोरं पुस्तकं चाळायला लागतात, काहींना छपाईची चूक वाटते. एवढ्या एका गाळलेल्या दिवसावर अख्खं प्रकरण उभं राहतं आणि ते कुठल्याही झेरॉक्स नोट्समध्ये मिळत नाही.

आणि शेवटाबद्दल. ‘अखेर स्टीव्हन्स भूतकाळातून मुक्त होतो’ हे वाक्य मला यंदाही दिसणार, माहीत आहे. जरा बघा तो काय ठरवतो ते. अमेरिकन मालकांना थट्टामस्करी आवडते, तेव्हा परत गेल्यावर आपण तिचा नेटाने सराव करायचा. म्हणजे विनोदसुद्धा हा गडी चांदीसारखाच घासून लख्ख करणार, मालकाला खूश करायला. याला मुक्ती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण पान क्रमांकासकट.