जुन्या फियाटला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताय? या चुका टाळा

डिस्ट्रीब्यूटरमधले (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारे कॉन्टॅक्ट काढले, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं आणि गाडी स्टार्टच होईना, की सगळे किटला शिव्या घालतात. पण बऱ्याचदा किट चांगलंच असतं, गडबड असते भोवतीच्या चाळीस वर्षं जुन्या वायरिंगची.

माझ्या पद्मिनीचंच सांगतो. सेल मारला की इंजिन नुसतं फिरायचं आणि किल्ली सोडली रे सोडली की पकडायचं. दोन दिवस सोलापुरात होटगी रोडला गॅरेजच्या दारात प्लग घासत बसलो, मग कुणीतरी म्हटलं मीटर लावून बगा की. लावला, तर सेल मारताना किटला पॉवर देणाऱ्या लाल वायरला ९ व्होल्टसुद्धा येईनात. पॉइंटला एवढ्यावर चालतं कसंतरी, इलेक्ट्रॉनिक्सला चालत नाही. इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट आतून काळे पडलेले. शेवटी बॅटरीवरून फ्यूज टाकून सरळ लाइन घेतली आणि स्विचकडं फक्त रिले (थोड्या करंटवर मोठी लाइन जोडणारा स्विच) ओढायचं काम ठेवलं, तेव्हापासून अर्ध्या सेलला चालू.

आता कॉइल, म्हणजे १२ व्होल्टचं ठिणगीपुरतं मोठं व्होल्टेज करणारा भाग. नवीन किट आणि कुठलीतरी पडून असलेली कॉइल, हे करू नका. कॉइलच्या दोन्ही वायरी सोडून प्लस-मायनसमध्ये ओहम मोजा. साधी १२ व्होल्टची कॉइल साधारण ३ ओहम दाखवते, बॅलास्टवाली (जिच्या आधी करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर, म्हणजे बॅलास्ट, लागतो ती) दीडच्या आसपास. १२ ला ३ नं भागलं की ४ अँपियर, दीडनं भागलं की ८, म्हणजे दीडवाली बॅलास्टशिवाय लावली तर दुप्पट करंट किटच्या त्या बिचाऱ्या मॉड्यूलमधून (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जाणार. कमीत कमी किती ओहम पाहिजे ते किटच्या कागदावर असतं, तो कागद फेकू नका. आणि गाडीत बॅलास्ट असेल तर किटची लाल वायर कॉइलच्या प्लसला नाही, बॅलास्टच्या आधी, स्विचच्या बाजूला जोडायची.

इंजिन बंद आणि किल्ली ऑन, ही चूक मीच केलीय. गड्ड्याच्या जत्रेत पोरं पाळण्यात बसलेली आणि मी गाडीत टेप ऐकत. कॉइल हात लावू देईना इतकी तापली आणि मॉड्यूल गेलं. टेपची वायर इग्निशनवरून काढा आधी.

मॉरिस मायनरसारख्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, तिथं साधं किट उलटं जोडलं तर लगेच जळतं, त्यामुळं विचारून घ्या.

बारीकसारीक म्हणजे, पॉइंटबरोबरचा जुना कंडेन्सर काढून टाका. प्लग वायरी रेझिस्टन्सवाल्या घ्या, साध्या तांब्याच्या तारेनं मॉड्यूल गोंधळतं आणि गाडी मिस मारते. डिस्ट्रीब्यूटरच्या आतल्या बेसप्लेटची अर्थ वायर तुटकी असेल तर बदला. मॉड्यूलचा डबा बाहेर असेल तर तो एक्झॉस्टपासून लांब लावा, आपल्याकडं मे महिन्यात बॉनेटखाली काय भट्टी होते ते सांगायला नको.

किट बसवल्यावर टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) परत लावायलाच लागतं, पहिलं होतं तसं राहत नाही. डिस्ट्रीब्यूटरची व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा आणि टायमिंग लाइट मारा. पुलीवरची खूण एका जागी थांबत नसेल, नाचत असेल, तर डिस्ट्रीब्यूटरचा बुश (ज्यात त्याचा दांडा फिरतो तो) झिजलाय, तो किट बदलून बरा होणार नाही.

मी जुने पॉइंट, कंडेन्सर, पॉइंटचा गॅप मोजायची पट्टी सगळं एका डब्यात घालून डिकीत ठेवलंय. तुळजापूरच्या वाटेवर बंद पडली तर मॉड्यूल कोण देणार तिथं.